पंखाची पलटी

घड्याळजीला कीटकांच्या प्रयोगशाळेत नोकरी लागली, तेव्हा त्याच्या थोरल्या भावाला हसू आवरेना. "इतकी वर्षं दुकानात बसून फुकट माश्या मारल्यास," दादा म्हणाला, "आता पगार घेऊन मार."

थट्टा अगदीच खोटी नव्हती. दोघा भावांचं घड्याळदुरुस्तीचं दुकान होतं. दुकान म्हणजे रस्त्याला लागून एक खोली, एक टेबल आणि टेबलाच्या दोन्ही अंगांना समोरासमोर दोन खुर्च्या. एकतीस वर्षं दोघं तिथे डोळ्याला भिंग लावून, माना खाली घालून बसले. मान वर केली की समोरच्याचं टक्कल दिसायचं. दादाचं लग्न जमेना, आणि दादाचं झाल्याशिवाय आपलं कसं करायचं, म्हणून धाकट्याचंही राहिलं. पुढे कुणी तो विषय काढला नाही. मग लोकांच्या मनगटावरची घड्याळं खिशातल्या फोनमध्ये गेली. दुकानात गिऱ्हाईक आलं तर आलं, तेही पट्टा बदलायला. 'बारीक काम करणारा हात हवा' ही जाहिरात दादानंच वाचून दाखवली होती.

प्रयोगशाळा एका मोठ्या संस्थेच्या मागच्या इमारतीत, तळमजल्यावर होती. तिथे घड्याळजीला भेटली ती एक तिशीची संशोधक बाई. सगळी संस्था तिला पाठीमागे 'माशीवाली' म्हणायची. तिला ते ठाऊक होतं आणि त्याचं तिला काही वाटत नव्हतं.

"काका, तुम्ही बागेत ती माशी बघितलीय का?" पहिल्याच दिवशी तिनं विचारलं. "अंगावर पिवळे पट्टे असतात, दिसायला मधमाशी, पण चावत नाही. फुलासमोर हवेत थांबते. टांगून ठेवल्यासारखी."

"बघितलीय."

"ती पडत का नाही, ते मला शोधायचंय."

घड्याळजीला वाटलं, बाई चेष्टा करते आहे. पण ती चेष्टा नव्हती. विमान पुढे धावतं म्हणून वर राहतं. थांबलं की पडतं. ही माशी तर जागच्या जागी थांबलेली. तिचा पंख सेकंदाला दीडशे वेळा हलतो, आणि तोही वरखाली नाही, पुढे-मागे. बाईनं हात पुढे करून दाखवलं. पाण्यात तळवा आडवा फिरवावा तसा पंख पुढे जातो, टोकाला गेला की पलटी खातो, म्हणजे तळवा उलटा होतो, आणि मागे येतो. पुन्हा पलटी, पुन्हा पुढे. दोन्ही वेळेला पंखाची तीच कड पुढे असते. त्या कडेवर हवेचा एक बारीकसा भोवरा धरला जातो आणि तो पंखाला वर ओढतो.

"हे सगळं डोळ्यांना दिसत नाही," ती म्हणाली. "म्हणून आपण पंख मोठा करायचा, हातभर लांब, आणि घट्ट तेलात हळू हलवायचा. एवढुशा माशीला हवा तशीच लागते, आपल्याला तेल लागेल तशी. तेलात जे होईल, तेच तिच्याकडे हवेत होत असणार. पंख, त्याचा सांधा, त्याला फिरवणारी दातेरी चाकं हे सगळं तुम्ही करायचं."

घड्याळजीनं ते केलं. चार महिने लागले. माणूस उभा मावेल एवढी काचेची टाकी, तिच्यात काठोकाठ पाण्यासारखं नितळ तेल, आणि वरून तेलात सोडलेल्या दांड्याच्या टोकाला पारदर्शक पंख. पंख पुढे जायला तीन सेकंद घ्यायचा, मागे यायला तीन. तेलात सोडलेले हवेचे बारीक बुडबुडे त्याच्या कडेवर गोल गोल फिरायचे, की बाई काचेला नाक लावून उभी. दांड्याच्या मुळाशी वजन मोजणारी एक नाजूक पट्टी होती. पंख किती उचल देतो ते त्या पट्टीवरून संगणकाला कळायचं.

माशीचं वजन शंभर धरलं, तर पंखाची उचल निदान शंभर यायला हवी. नाहीतर माशी खाली पडेल. पंख चालू झाल्यावर पहिले दोन आठवडे सगळं बसवण्यातच गेले, आकडे कधी ऐंशी, कधी नव्वद, धड काही एक येईना. मग यंत्र स्थिरावलं आणि एकच आकडा पक्का झाला. बहात्तर. काही केलं तरी बहात्तर. पंखाचा आकार बदलला, बहात्तरचे एक्काहत्तर झाले. तेल गरम केलं, गार केलं, फरक नाही.

"कुठेतरी माशी शिंकतेय," घड्याळजी म्हणायचा, आणि बाई दर वेळी हसायची, जणू पहिल्यांदाच ऐकते आहे.

त्या दोघांचं बरं जमलं होतं. तो तिला मॅडम म्हणायचा. नका म्हणू, असं तिनं सांगून बघितलं, मग सोडून दिलं. दुपारी दोघं टाकीशेजारच्या बाकावर बसून आपापला डबा खायचे. ती बोलायची आणि तो ऐकायचा. कधी उलटंही. दादा गेल्यानंतर तर घड्याळजीचं बोलणं असं जे काही होतं, ते त्या बाकावरच होतं.

दादा गेला, तो यंत्र सुरू झाल्यानंतर तिसऱ्याच आठवड्यात. दुकानातच खुर्चीवरून कलंडला. शेजारच्या चहावाल्यानं प्रयोगशाळेत फोन केला, घड्याळजी हातातलं काम तसंच उरकून इस्पितळात धावला. चार दिवस दादा नुसताच पडून होता. पाचव्या दिवशी गेला. त्यानंतर घरात दोन खोल्या, एक माणूस. शनिवारी दुपारी संस्थेतून निघालं की सोमवारी सकाळपर्यंत तोंड उघडायचं कारणच पडायचं नाही. सोमवारी फाटकावरच्या पहारेकऱ्याला राम राम करताना घसा खाकरावा लागायचा.

दोन वर्षं बहात्तरवर गेली. पण बाई हात बांधून बसणाऱ्यांतली नव्हती. उचल जर अठ्ठावीसनं कमी पडते, तर ती दुसरीकडून कुठून तरी येत असणार. तिनं एक नवा विचार मांडला. माशीचे दोन पंख पाठीमागे एकमेकांजवळ येतात, तिथे ते जवळजवळ टाळी वाजवतात, मधली हवा खाली फेकली जाते, आणि उरलेले अठ्ठावीस तिथून मिळतात. यावर तिनं प्रबंध लिहिला. मोठी परिषद भरायची होती, देशोदेशीची माणसं येणार होती, आणि तिथे तिचं भाषण ठरलं होतं. प्रयोगशाळेचे प्रमुख, ज्यांना सगळे थोरले सर म्हणत, त्यांनी ते वाचून मान डोलावली होती. माश्यांवर तीस वर्षं काढलेला हा माणूस स्वतःच्या नाकावर मात्र माशी बसू द्यायचा नाही. त्याची मान डोलली म्हणजे खूप झालं.

परिषदेला आठ दिवस उरले होते. टाकीतलं तेल गढूळ झालं होतं, ते बदलायचं होतं. रविवारी संस्था बंद असते, तेव्हाच हे काम बरं, म्हणून घड्याळजी सकाळी किल्ली घेऊन एकटाच आला. तेल पिंपात उतरवलं. काचा पुसल्या. मग दांडा सरळ आहे का बघावं म्हणून त्यानं रिकाम्या टाकीत यंत्र चालू केलं.

पंख पुढे गेला. टोकाला पोचला. पलटी खाल्ली.

टक्.

घड्याळजीनं मान वर केली. पंख मागे आला, पलटी खाल्ली. टक्.

तेल भरलेलं असताना हा आवाज कधीच आला नव्हता. तेलानं तो गिळला होता. पण एकतीस वर्षं घड्याळांच्या पोटाला कान लावलेला माणूस होता तो. हा आवाज कशाचा, हे त्याला विचारावं लागलं नाही. कुठेतरी ढील होती. त्यानं यंत्र बंद केलं, पंख दोन बोटांत धरून हलकेच पिळला. पंख हलला. वरची मोटर जागची हलली नव्हती, आणि पंख मात्र इकडून तिकडे डुगडुगत होता.

म्हणजे मोटर पलटी सुरू करते, संगणक 'पलटी झाली' असं लिहून मोकळा होतो, आणि पंख बिचारा ढील भरून निघेपर्यंत तसाच. मग तो दचकून वळतो. दर फेऱ्याला, दोन्ही टोकांना उशीर.

त्यानं सांध्याची डबी सोडवली, टेबलावर नेली, भिंग लावलं आणि उघडली. दातेरी चाक दांड्याला धरून ठेवणारी खीळ पितळेची असायला हवी होती, भोकात गच्च बसणारी. तिथे पोलादी तारेचा एक तुकडा होता. भोकाहून बराच बारीक. आणि डबीच्या झाकणाच्या आतल्या बाजूला सुईनं ओरखडलेली एक तारीख, शेजारी एक छोटं वर्तुळ.

घड्याळदुरुस्तीचा हा जुना रिवाज. काम केलं की झाकणाच्या आत बारीक खूण करायची, म्हणजे पुढे ज्याच्या हातात ते घड्याळ पडेल त्याला कळावं. वर्तुळ ही दादाची आणि त्याची खूण होती: 'तात्पुरतं केलंय, नंतर नीट करायचं.'

तारीख दादा कलंडला त्या दिवसाची होती.

मग सगळं आठवलं. सकाळी पितळी खीळ तुटली होती. तो नवीन घडवायला बसणार, तोच फोन आला. तारेचा तुकडा कापला, ठोकला, झाकण लावलं, टाकीत सोडलं आणि पळाला. नऊ दिवसांनी कामावर आला तेव्हा यंत्र चालू होतं, बाई खुशीत होती, आकडे स्थिर झाले होते. तात्पुरतं काम डोक्यातून पार पुसलं गेलं. त्या नऊ दिवसांत पुसलं गेलेलं ते एकटंच नव्हतं.

यंत्र स्थिरावलं म्हणून बहात्तर येऊ लागले नव्हते. खीळ बदलली म्हणून येऊ लागले होते.

खिडकीतून ऊन आत आलं, बाकावर चढलं. मूठ झाकून ठेवणं अगदी सोपं होतं. कुणी बघितलं नव्हतं. बारीक तार परत ठोकायची, तेल भरायचं, टकटक तेलाच्या पोटात. बाई परिषदेला जाईल, टाळ्या घेईल, आणि परत येऊन त्या बाकावर डबा उघडेल. दुसरं म्हणजे गुपचूप नवी खीळ बसवायची आणि आकडा बदलला की आपणही तिच्याबरोबर डोकं खाजवायचं. दोन्हीत त्याचं काही जात नव्हतं. खरं सांगितलं तर मात्र जगात त्याच्याशी बोलणारं जे एक माणूस होतं, ते जाण्याची पाळी.

पण ती खूण कशासाठी केलेली असते? पुढच्या कारागिरासाठी. पुढचा कारागीर तोच निघाला होता, आणि वाचून न वाचल्यासारखं करणं त्याला जमेना.

सोमवारी बाई आली ती घाईत. हातात भाषणाचे कागद होते.

"मॅडम, जरा बसा," तो म्हणाला.

"उभ्यानं सांगा काका, सरांकडे जायचंय."

"बसा."

त्याच्या आवाजात काहीतरी असणार, कारण ती बसली. त्यानं उघडलेली डबी तिच्यासमोर ठेवली, भिंग दिलं, आणि जे होतं ते सांगितलं. काही राखून ठेवलं नाही. दादाचं नाव मात्र घेतलं नाही; ते निमित्त पुढे करणं त्याला बरं वाटेना.

तिनं भिंगातून बघितलं. चाक दोन बोटांनी हलवून बघितलं. तिचा चेहरा हळूहळू उतरत गेला.

"कधीपासून?"

"झाकणावर तारीख आहे."

तिनं तारीख वाचली. "म्हणजे सगळंच," ती म्हणाली. "दोन वर्षांतला एकही आकडा…" मग ती थांबली. "तुम्ही हे काल बघितलंत?"

"काल दुपारी."

"आणि दोन वर्षं दिसलं नाही."

तिनं कागद पिशवीत घातले, पिशवी खांद्याला अडकवली आणि निघून गेली. दार तिनं आपटलं नाही. आपटलं असतं तर बरं, असं त्याला वाटून गेलं.

दुपारी कळलं की तिनं भाषण रद्द केलं. थोरले सर एकदा येऊन डबी बघून गेले. "हं," एवढंच म्हणाले. रागावलेले सर परवडतात, 'हं' म्हणणारे सर नव्हेत, हे सगळ्या संस्थेला माहीत होतं. घड्याळजीनं नोकरी गेली असं धरूनच पितळेची कांडी घेतली आणि खीळ घडवायला बसला. गेली तर गेली, काम अर्धवट टाकून नाही. एकीकडून किंचित निमुळती, भोकात अंगठ्यानं दाबली की निम्मी जावी आणि उरलेली हातोडीच्या तीन टिचक्यांनी. पहिल्या दोन त्यानं टाकून दिल्या. तिसरी बसली. चाक धरून पंख पिळून बघितला: दगड.

दोन दिवस बाई आली नाही. बाकावर त्यानं एकट्यानंच डबा उघडला, दोन घास खाल्ले, बंद केला.

तिसऱ्या दिवशी ती आली. डोळे सुजलेले होते. राम राम नाही, काका नाही. "तेल भरलंय?"

"भरलंय."

"चालवा."

पंख पुढे गेला, मागे आला. दहा फेरे झाले की संगणक सरासरी काढायचा. ती पडद्याकडे बघत होती, तो पंखाकडे. पलटी आता लोण्यासारखी होत होती.

"चौऱ्याण्णव," ती म्हणाली.

पुन्हा चालवलं. त्र्याण्णव. पुन्हा. चौऱ्याण्णव.

बाई तिथेच फरशीवर बसली, टाकीला पाठ लावून. एका पितळी खिळीनं बावीस आकडे परत आणले होते. माशी जवळजवळ तरंगत होती. टाळीचा विचार, प्रबंध, दोन वर्षं, सगळं तेलात गेलं होतं.

"म्हणजे टाळी वाजतच नाही," ती म्हणाली.

"वाजत असेल, मॅडम. ऐकू येण्याइतकी नसेल."

ती हसली नाही. त्याच्याकडे तिनं बघितलंही नाही, हे त्याला जास्त लागलं. काहीतरी बोलायला हवं म्हणून तो आपल्या धंद्यातलं बोलला.

"एवढाच उशीर होत होता बघा," त्यानं चिमटीत दाखवलं. "तेवढ्यानं एवढं नुकसान. घड्याळाचंही असंच. पण मागे पडणारं घड्याळ पुढे पळवताही येतं."

बाईनं मान वळवली. तीन दिवसांत पहिल्यांदा त्याच्याकडे नीट बघितलं.

"काय म्हणालात?"

"नाही, म्हणजे… पलटी उशिरा झाली तर उचल घटते. मग लवकर झाली तर?"

ती उठली. खुर्ची ओढली, संगणकात एक आकडा बदलला, दोनदा तपासला. "चालवा," ती म्हणाली, आणि मग जरा थांबून, "काका."

पंख आता टोकाला पोचायच्या आधीच वळायला लागला. अजून पुढे जातो आहे, आणि तळवा उलटायला सुरुवात. बुडबुड्यांचा भोवरा कडेवर दाटला, मोठा झाला, पंख मागे फिरताना त्याच भोवऱ्याला धडकला आणि त्यातूनच रेटा घेऊन निघाला. दहा फेरे संपले.

एकशे सहा.

मग बाई एकदम रडायला लागली आणि रडता रडता हसायला लागली. माशी नुसती तरंगत नव्हती, वर चढत होती. वर जायचं तर पलटी किंचित लवकर, खाली यायचं तर किंचित उशिरा, आणि एकाच जागी थांबायचं तर दोहोंच्या मधे कुठेतरी, नेमकी. डाव्या पंखाची लवकर आणि उजव्याची उशिरा केली तर गिरकी. सगळा खेळ वेळेचा होता.

"आणि उशिराचे आकडे तर आपल्याकडे दोन वर्षांचे आहेत," ती डोळे पुसत म्हणाली. "इतके कुणाकडेच नसतील."

पुढचे सात आठवडे घड्याळजी सकाळी फाटक उघडायच्या आधी येऊन उभा राहायचा. त्यानं अकरा पंख घडवले, तीन सांधे. पलटी किती लवकर, किती उशिरा, किती वेगानं, सगळं बदलून बदलून बघायचं होतं. बाई आकडे सांगायची, तो खिळी घट्ट करायचा. डबे परत बाकावर उघडले गेले. एकदा घास हातात धरून ती म्हणाली, "त्या तारखेला काय झालं होतं काका? तुम्ही असं अर्धवट काम करणारे नाही." तेव्हा त्यानं दादाचं सांगितलं. तिनं घास डब्यात परत ठेवला. "मला का नाही सांगितलंत?" तो म्हणाला, "सांगितलं असतं तर खीळ जाड झाली असती का?"

थोरल्या सरांनी नवे आकडे बघून या वेळी 'हं' म्हटलं नाही. नोकरीचं त्यांनी काही काढलं नाही, त्यानंही नाही.

नवा शोधनिबंध लिहून झाला तेव्हा बाई एक कागद घेऊन त्याच्याकडे आली. "काका, तुमचं नाव सांगा. पूर्ण."

"कशाला?"

"वर लिहायचंय. माझ्याखाली."

तो गोंधळला. अडीच वर्षांत त्याचं नाव तिनं कधी विचारलं नव्हतं, आणि त्यालाही ते सांगायची सवय उरली नव्हती. त्यानं सांगितलं. तिनं एकेक अक्षर विचारून लिहून घेतलं.

निबंध गाजला असावा, कारण चार महिन्यांत बाईला समुद्रापलीकडच्या एका विद्यापीठातून बोलावणं आलं. तिथे तिची स्वतःची प्रयोगशाळा असणार होती. तिनं ही बातमी त्याला सगळ्यांत आधी सांगितली. तोंडभरून हसत तो म्हणाला, "व्हायलाच हवं होतं, मॅडम."

निघायच्या दिवशी ती टाकीजवळ उभी राहिली. "काका, त्या सोमवारी तुम्ही सांगितलं नसतंत तर माझं काय झालं असतं?"

सांगितलं नसतं, तर तुम्ही अजून इथेच असता, आणि आपण बहात्तरचं काय करायचं यावर बोलत डबा खात असतो. हे उत्तर त्याच्या ओठांपर्यंत आलं होतं. "गाडी यायची वेळ झाली," तो म्हणाला, आणि तिची जड पेटी उचलून पुढे झाला.

टाकी उन्हाळ्यात रिकामी केली. नव्या संशोधकांना मुंग्या हव्या होत्या. मुंग्या चालतात, त्यांना तेल लागत नाही. घड्याळजी त्यांच्यासाठी काचेच्या बारीक बारीक वाटा करून द्यायचा. ती मुलं चांगली होती, पण आपापल्या कानांत काहीतरी खुपसून काम करायची.

एके दिवशी टपालानं पाकीट आलं. आत छापील निबंध होता. परभाषेत, त्यातलं त्याला आकडे सोडून फारसं कळलं नाही. वर तिचं नाव, खाली त्याचं. ते त्यानं बोट ठेवून वाचलं. रविवार उजाडला तरी ते पाकीट कुणाला दाखवावं हे काही ठरेना. शेवटी तो ते खिशात घालून केस कापायला गेला.

न्हाव्याच्या दुकानात एक बसचा ड्रायव्हर तोंडाला साबण लावून बसला होता. घड्याळजीनं पाकीट काढलं, परत ठेवलं, परत काढलं.

"काय आहे ते?" न्हाव्यानं आरशातून विचारलं.

"माझं नाव छापून आलंय."

"अरे वा! कशाबद्दल?"

मग घड्याळजीनं सांगायला सुरुवात केली. उठून उभा राहिला, तळवा आडवा केला, पुढे नेला, टोकाला पलटवला, मागे आणला. बोलता बोलता आवाज चढला. न्हावी वस्तरा थांबवून ऐकत होता.

"थांबा," तो म्हणाला. "म्हणजे हे तुम्हाला कळायच्या आधी माशी उडत नव्हती का?"

घड्याळजी हसला. इतक्या मोठ्यानं हसला की त्याला स्वतःलाच दचकायला झालं. पण ड्रायव्हर हसला नव्हता. साबणाचं तोंड वळवून तो म्हणाला, "बरोबर आहे की. वळण आल्यावर चाक फिरवलं तर गाडी खड्ड्यात. आधीच फिरवायला घ्यावं लागतं. लांब गाडीचं तर आणखी आधी. पण तुमची ही माशी, तिला टोक आलंय हे कळतं कसं?"

"ते अजून कुणाला माहीत नाही," घड्याळजी म्हणाला, आणि हे वाक्य बोलताना त्याला विलक्षण बरं वाटलं. अर्धा तास ते दोघं बोलत राहिले. ड्रायव्हरच्या तोंडावरचा साबण सुकून गेला. न्हाव्याला तो दुसऱ्यांदा लावावा लागला. जाताना ड्रायव्हर म्हणाला, "पुढच्या रविवारी भेटा. ते भोवऱ्याचं निम्मं डोक्यावरून गेलं माझ्या."

पुढच्या रविवारी घड्याळजी दुकान उघडायच्या वेळेला हजर. ड्रायव्हर आला नाही. त्याची पाळी बदलली असेल, न्हावी म्हणाला; या लोकांचं काही खरं नसतं. घड्याळजी बाकावर तासभर बसला. वर्तमानपत्र पहिल्या पानापासून शेवटच्यापर्यंत वाचून झालं.

"डोक्यावर कापण्यासारखं तर काही उरलेलं नाही तुमच्या," न्हावी म्हणाला. मग त्यानं त्याच्याकडे जरा निरखून बघितलं, आणि रिकाम्या खुर्चीवरचे केस फडक्यानं झटकले. "बसा इथे. मला सांगा तोवर ते भोवऱ्याचं. मात्र गिऱ्हाईक आलं की मी कात्री घेणार, ऐकायचं तर ऐकेन."

घड्याळजी खुर्चीत बसला. गिऱ्हाईक आलं, शेजारच्या खुर्चीत बसलं. कात्री सुरू झाली. न्हावी मधूनमधून 'हं, हं' म्हणत होता. त्याचं अर्धं लक्ष केसांत होतं, अर्धं रस्त्यावर. घड्याळजीनं काही घाई केली नाही. त्यानं पंखापासून सुरुवात केली आणि भोवऱ्यापर्यंत सगळं सांगितलं.